लाल ठिगळ

आमच्या गावात एकच टीव्ही होता, सरपंचाच्या सपरीत, म्हणजे पडवीत. त्यात सारं जग राखेचं दिसे. कुंकू राखेचं, धान राखेचं, नवरीचा शालू बी राखेचा. म्हणून मी असं समजून चालली की रंग टीव्हीत राह्यते. ज्याच्या घरी रंगीत टीव्ही, त्याच्या घरी रंग. याच्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा. मले कोणी शिकवलं नाई, अन् ज्यानं सांगून पाह्यलं त्याचं मी ऐकलं नाई.

मी गुणाबाई, पोंभुर्ण्याकडची. ज्यानं सांगून पाह्यलं तो माझा नवरा, लटारू. आता नाई तो.

ज्या साली दिव्यानी पोटात होती, त्या साली धान कापून झाले, पेंढ्यायचे पुंजणे रचून झाले, अन् गावाबाहेरच्या सागवनात मुंबईचे लोक आले. त्यायनं तिथी तारांचं कुंपण घातलं, लाकडाच्या बराकी बांधल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर मचाणं उभे केले. आमाले वाटलं जंगल खात्याचं काही असन. मंग समजलं का पिच्चर आहे. लढाईत पकडलेल्या शिपायायचा. दुश्मनाच्या जेलात हे बंद, अन् घरची याद काढत दिवस ढकलून राह्यले, अशी गोष्ट. त्यायले उपाशी शिपाई पाहिजे होते, अन् आमचे माणसं धान कापू कापू आधीच वाळले होते. साहेबानं एक नजर टाकली अन् म्हणे, सारेच चला.

मी रोज पाहाले जाओ. पोट घेऊन जाओ, सासू बोले तरी जाओ. मले तं ते लोक डोक्यानं थोडे सरकेलच वाटले. बराकीच्या भिंती त्यायनं हिरव्या रंगवल्या, पोपटासारख्या. मी विचारलं, जेलाच्या भिंती पोपटी काऊन? तं म्हणे कॅमेऱ्यात बरोबर दिसते. रगत म्हणून चाकलेटी पाणी लावत. दुपारभर काहीच करत नसत, नुसते चहा पीत. उन्ह कललं, तारांच्या सावल्या लांब होऊन माणसायच्या तोंडावर आडव्या पडल्या, का मंग धावपळ. एका बाजूनं मोठा लाईट लावत, दुसरी बाजू अंधारी ठेवत. अर्धं तोंड उजेडात, अर्धं काळं. तेही फक्त हिरोचं. आमच्या लोकायले मागं अंधारात उभं केलं होतं. मी कॅमेऱ्यावाल्याले म्हणलं, भाऊ, अंधारातच उभं करायचं होतं तं माणसं काऊन नेले, पुंजणे उभे करा. तो हसला. मंग भोंगा तोंडाले लावून म्हणे, कोणी हलू नका.

हलू नका, हलू नका, दिवसातून कितीदा तरी. अन् लटारूले हे एकच जमत नव्हतं. त्याले खर्रा लागे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या खिशात राह्यते ते, त्यात नवल नाई. पण लटारूची घोटाची तऱ्हाच वेगळी होती. पन्नी दोन्ही तळव्यात धरून घोटे, घोटे, अन् मंग मूठ कानाले लावून मान वाकडी करे. सुपारी नरम झाली का नाई, हे तो ऐकून पाहे. पंचक्रोशीत असं दुसरं कोणी करत नव्हतं.

"काय म्हणते सुपारी?" मी विचारो. "कोणाचा फोन आला?"

"तुझ्या माहेरचा," तो म्हणे. "लेक परत पाठवा म्हणून राह्यले. मी म्हणलं, नाई पाठवत."

असा होता तो. कॅमेऱ्यावाल्यानं त्याले दोन-तीनदा झाडलं बी. तो हो साहेब, हो साहेब करे, अन् लाईट पेटला का हात पुन्हा सुरू.

त्या कॅमेऱ्यावाल्याच्या गळ्यात एक काळपट काच लटकलेली होती. तो ती डोळ्याले लावून साऱ्यायकडे पाहे. लटारूनं एक दिवस मागून घेतली. सांजच्याले घरी आला अन् म्हणे, "गुणे, त्या काचेतून पाह्यलं ना, तं सारं राखेचं दिसते. ती हिरवी भिंत, लोकायचे तोंडं, सारं. तो साहेब म्हणे पिच्चर असाच दिसन."

मी चुलीपाशी होती, धुरानं डोळे चुरचुरून राह्यले होते. म्हणलं, "तुमचेच डोळे राखेचे झाले, खर्रा खाऊ खाऊ." तिथीच ती गोष्ट संपली. मले वाटलं, रंग मागून टाकत असन. बैलाची शिंगं बी आपण पोळ्यालेच रंगवतो ना, सालभर कुठी रंगवतो.

आता ठिगळाचं सांगते. शिपायायचे सदरे शिवाले त्यायनं मूल गावचा टेलर आणला होता, कय्यूमभाऊ. मोठा गोड माणूस. साहेबाले फाटके कपडे पाहिजे होते, तं कय्यूमभाऊ सकाळी नवे सदरे शिवे अन् दुपारी दगडावर घासून तेच फाडे. म्हणे, "बाई, अब्बानं शिवाले शिकवलं, फाडाले या साहेबानं शिकवलं." सदरे सारे एकसारखे, म्हणून रोज सकाळी आमचे माणसं भांडत, हा माझा, हा तुझा. मंग कय्यूमभाऊनंच तोड काढली. ज्यानं त्यानं आपल्या घरून एक चिंधी आणा, मी पाठीवर ठिगळ लावून देतो, ओळखाले सोपं. कॅमेऱ्यावाला म्हणे रंग कोणता बी चालन, पांढरा तेवढा नको.

गावातल्या लच्छूनं बायकोच्या परकराचा निळा तुकडा आणला. कोणी हिरवा, कोणी जांभळा. मी माझं लग्नाचं लुगडं काढलं अन् पदराचा लाल तुकडा कापला. सासूनं तोंड सोडलं, चांगल्या लुगड्याले भोक पाडलं म्हणून. मी म्हणलं, पिच्चर सारी दुनिया पाहीन. हा माणूस कोणाचा आहे, ते दुनियेले दिसलं पाहिजे.

कय्यूमभाऊनं ते लाल ठिगळ उजव्या खांद्याखाली लावलं. लटारू ते घालून अंगणात फिरून आला, मागं वळून वळून विचारे, दिसते का, दिसते का. मी म्हणलं, मूलवरून दिसते.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवाची इच्छा नाई. ते लोक गेले, बराकी मोडल्या. दिव्यानी झाली. ती बसाले लागली, अन् धानाच्या रोवण्याच्या दिवसात लटारूले ताप भरला. डॉक्टर म्हणे मलेरिया डोक्यात गेला. चंद्रपूरले नेला तवा बोलत होता. आणला तं चादरीत.

फोटो म्हणाल तं एकच, मतदानाच्या कार्डावरचा. तो नुसता काळा धब्बा. त्यात लटारू आहे का त्याचा बैल आहे, देवाले बी सांगता आलं नसतं. लग्नात फोटोवाला सांगतला होता, तं त्याची सायकल वाटेत पंक्चर झाली अन् तो जेवाच्या वक्ती पोचला, जेवून गेला.

दिव्यानी शाळेत जायले लागली अन् विचाराले लागली, "माय, बा कसा दिसे?"

"उंच."

"अजून?"

"सावळा. केस दाट."

"अजून?"

अजून मंग मले सापडत नव्हतं. माणूस रोज समोर असते, तवा कोण त्याले पाहून ठेवते? मी रात्री डोळे मिटून त्याले बोलवो. कधी कान येई, कधी नाक येई, कधी नुसती मान. सारं तोंड एकदम येत नव्हतं. दरसाली थोडं कमीच येई. वाघाचं भेव वाटलं नाई मले कधी इतकं, जितकं या गोष्टीचं वाटे. लोक म्हणत, गुणाबाई पोरीसाठी पिच्चरची वाट पाहून राह्यली. पोरीसाठी तं होतंच. पण मले स्वतःले तो पाहाचा होता. एकडाव. सारा.

मी पोरीले सांगून ठेवलं, पिच्चर टीव्हीवर येऊ दे, तुझा बा दाखवते. ज्याच्या पाठीवर लाल ठिगळ, तो तुझा बा. तिनं साऱ्या शाळेत सांगतलं.

दिव्यानी पहिलीत होती तवा बाजाराच्या दिवशी मूलवरून कय्यूमभाऊचा निरोप आला. इतवारी दुपारी पिच्चर आहे. त्यायच्या घरी नवा रंगीत टीव्ही घेतला, पोरीले घेऊन या. मी तेच लग्नाचं लुगडं नेसली, भोक दिसू नाई म्हणून पदर आत खोसला, अन् पोरीच्या डोक्याले तेल चोपडून सकाळच्या यष्टीत बसली. ती खिडकीशी बसून वाटभर विचारत होती, बा बोलन का, बा मले पाहीन का. मी म्हणलं, तू त्याले पाह्य, तेवढं पुरे.

कय्यूमभाऊच्या बायकोनं, अख्तरीभाभीनं, चहा दिला, पोरीले खारी दिली. टीव्हीसमोर सतरंजी अंथरली होती. दिव्यानी सतरंजी सोडून पार काचेपाशी जाऊन बसली.

पिच्चर सुरू झाला. सागवन दिसलं. आमचंच सागवन, मी ओळखलं. पण राखेचं. बराक आली, राखेची. मी म्हणलं, "कय्यूमभाऊ, रंग टाका ना."

त्यानं उठून बटनं दाबले. काही झालं नाई. अजून दाबले. मंग मागं जाऊन वायर हलवली. मी म्हणलं, "सरपंचाच्या टीव्हीत असंच दिसते, त्यासाठी मूलले याची काय गरज होती?" मले राग आला होता. नव्या टीव्हीचा इतका गवगवा, अन् काय त्याचं.

तितक्यात पिच्चर थांबला अन् जाहिरात लागली. दंतमंजनाची. लाल. इतकं लाल की डोळ्यात भरलं. मंग साबणाची, हिरवीगार. मंग एक बाई आली, तिची साडी माझ्या लुगड्यासारखी लाल. जाहिराती संपल्या, पिच्चर लागला, अन् पुन्हा राख.

कय्यूमभाऊ हळूच म्हणे, "बाई, टीव्ही बरोबर आहे. पिच्चरच ब्लॅक अँड व्हाइट आहे. साहेबानं जानबूझके तसा काढला." त्याचं तोंड उतरलं होतं. "मी तिथी होतो, पण माझ्या डोक्यातच नाई आलं. डोळ्यासमोर तं सारं रंगीतच होतं ना."

मले ती काच आठवली, चुलीचा धूर आठवला, अन् लटारू दारात उभा राहून सांगून राह्यला ते आठवलं. सांगत होता बिचारा. मीच त्याले खर्र्यावरून बोलली.

पडद्यावर शिपायायची रांग निघाली, पाठमोरी. आमचे माणसं. साऱ्यायच्या पाठीवर ठिगळं. निळं नाई, हिरवं नाई, लाल नाई. सारे काळे. एकसारखे काळे. वरतून तारांच्या सावल्या, त्यात ठिगळ कोणतं अन् सावली कोणती तेही समजेना.

"माय, कोणता?" दिव्यानी विचारे. "कोणता?"

"थांब."

"लाल कुठी आहे?"

"थांब म्हणलं ना."

मी पुढं सरकली. एकेक मान पाहून राह्यली होती, एकेक खांदा. खोटं काऊन बोलू, सारे लटारू वाटत होते, अन् एक बी वाटत नव्हता. त्याच्यासंगं इतके दिवस एका ताटात जेवली, अन् मले त्याची पाठ ओळखू आली नाई. इतकी लाज मले जन्मात वाटली नाई.

मंग हिरो आला. त्याचं तोंड साऱ्या काचभर. अर्धं चांदीसारखं, अर्धं काळं, एका डोळ्यात पाणी चमकून राह्यलेलं. तो तारेपाशी उभा राहून घराकडं पाहून राह्यला होता. मोठं देखणं तोंड. कोणत्या बी पोरीले बाप म्हणून आवडन असं.

दिव्यानीनं काचेवर बोट ठेवलं. "हा आहे ना बा?"

मंग अख्तरीभाभी माझ्या कानाशी आली. "हो म्हण ना, गुणाबाई. पोरगी खुश होईन. कोणाचं काय जाते?"

खरंच, कोणाचं काय गेलं असतं? माझ्या जिभेवर हो आलं बी होतं. पोरीले एक तोंड भेटलं असतं. शाळेत सांगाले, झोपताना आठवाले. ती माझ्याकडं वळून पाहून राह्यली होती, बोट काचेवर तसंच. पण मी हो म्हणलं असतं तं लटारूले मीच घराबाहेर काढून दार लावलं असतं, अन् त्याच्या जागी या मुंबईवाल्याले आणून बसवलं असतं. मले जमलं नाई.

"नाई वो बाई," मी म्हणलं. "तो बा नाई. तो पिच्चरवाला आहे."

तिनं बोट काढून घेतलं. ओरडली नाई, काही नाई. खाली मान घालून म्हणे, "तू म्हणली होती, दाखवते."

मी पदराची गाठ सोडत-बांधत बसली. पिच्चर पुढं चालून राह्यला होता. रात झाली होती त्यात. कोणीतरी पळालं होतं म्हणून साऱ्या शिपायायले बाहेर काढून ओळीनं उभं केलं. खाली जमिनीवर लाईट ठेवलेला, अन् मागं ती बराकीची भिंत. माणसं काठाले काळे काळे, पण त्यायच्या सावल्या भिंतीवर मोठ्या, छपराले टेकलेल्या. सारे खांबासारखे उभे. एक बी हलत नव्हतं.

एक हलत होती.

टोकाची सावली. तिचे दोन्ही हात छातीपाशी, अन् ते चालू होते. घोटत होते, घोटत होते. मनात म्हणलं, आता कानाले लाव. लाव ना. अन् सावलीनं मूठ उचलली, कानाले लावली, मान वाकडी केली.

"तो पाह्य," मी म्हणलं. "दिव्यानी, भिंतीवर पाह्य. टोकाले. तो तुझा बा."

तिनं पाह्यलं, कय्यूमभाऊनं पाह्यलं. अन् पिच्चर दुसरीकडं गेला. तेवढंच होतं. मी शेवटपर्यंत डोळे फाडून बसली, पुन्हा तो आला नाई.

कय्यूमभाऊ म्हणे, "दुश्मनाच्या जेलात खर्रा घोटून राह्यला, लटारूभाऊ." अन् त्याले हसू आलं, अख्तरीभाभीले हसू आलं, मले बी आलं. कोणी हलू नका, असं तो भोंगेवाला घसा फोडून सांगून राह्यला होता. साऱ्यायनं ऐकलं, ते सारे हरवले. यानं नाई ऐकलं. मी हसता हसता पदर तोंडाले लावला, तं नेमकं ते भोक आलं. मंग हसणं राह्यलं बाजूले. मी त्या लोकायच्या घरात, त्यायच्या सतरंजीवर, चांगली मोकळी रडली. त्याले चादरीत आणला त्या दिवशी बी तशी रडली नव्हती.

दिव्यानी तेवढं विचारे, "तोंड कुठी आहे त्याचं?"

"तोंड नाई आलं, बाई."

वापसीच्या यष्टीत ती माझ्याशी बोलली नाई. खिडकीकडं तोंड करून बसली. मी म्हणलं, गेलं, पोरगी आता आपल्यावर भरवसा ठेवणार नाई. घरी आलो तं गावात लाईन गेलेली. तिनं हातपाय धुतले, भात खाल्ला, अन् कोपऱ्यात काहीतरी खुडबुड करत बसली. मी रॉकेलची चिमणी पेटवून खाली ठेवली अन् भांडे घासाले मागं गेली.

आली तं ती चिमणीपुढं उभी होती, भिंतीकडं तोंड करून. कुठून तरी एक पन्नी काढली होती, त्यात चिंचोके भरले होते. दोन्ही तळव्यात धरून घोटून राह्यली होती, एकदम मन लावून. समोर पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर तिची सावली पडली होती, चिमणी खाली असल्यानं वर पार छपराच्या कवेलूपर्यंत गेलेली. माणसाएवढी. हात चालू होते. मंग तिनं मूठ उचलली अन् कानाले लावली.

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

"असंच ना, माय?" ती म्हणे. मागं वळली नाई.

"मान थोडी वाकडी कर," मी म्हणलं. "अजून थोडी. हां."

अन् तो आला. कान नाई, नाक नाई, सारा एकदम आला. दारात उभा राहून काचेचं सांगून राह्यला होता तसा, अंगणात ठिगळ दाखवत फिरून राह्यला होता तसा. मी उंबऱ्यावरच बसली. भिंतीवरून डोळा हलवला नाई.

"काय म्हणते सुपारी?" मी विचारलं.

दिव्यानीले ती सुपारीच्या फोनची गोष्ट मी कधी सांगतली नव्हती. मूठ कानालेच धरून ती म्हणे, "बा म्हणते, जेवलीस का."

तेवढ्यात लाईन आली. बाहेर पोट्टे ओरडले, सरपंचाचा टीव्ही वाजाले लागला, अन् आमच्या घरातला बल्ब पेटला. भिंत नुसती पांढरी झाली. पोरीनं हात खाली घेतले.

मी उठली अन् बटन बंद केलं.

"थांबू नको," म्हणलं. "हलवत राह्य."